विंचवाचं बिऱ्हाड, हत्तीच्या पाठीवर

"काका, आमचं गाव खानापूर तालुक्यात, नंदगडच्या बाजूला. २०१२ सालचा छोटा हत्ती आहे. रताळी आणि भाजी भरून बेळगावच्या मार्केट यार्डात पोचवतो. शनिवारी दुपारनंतर गाडी रिकामी असते. मी, बायको आणि आठ वर्षांची मुलगी, तिघांनी वेंगुर्ला, गोवा, सौंदत्ती असं फिरायचं डोक्यात आहे. लॉज परवडत नाही, म्हणून हौद्यावर झोपायची खोली करायची. बजेट साठ हजार. मेव्हणा म्हणतो, लोखंडी अँगल चेसीला वेल्ड करू, त्यावर १९ एमएमचं प्लाय मारू, आत सिलिंडर, इन्व्हर्टरची बॅटरी, शंभर लिटरची टाकी; एकदाच करायचं ते दणकट करू. बायको म्हणते, संडास नसेल तर मी येत नाही. मुलीला फक्त खिडकी हवी आहे. वडील म्हणतात, गाडीला टोपी घालण्यापेक्षा आधी टायर घाल. मेव्हणा स्वतः कारवाला आहे, त्याला गाडीतलं कळतं. कुणाचं ऐकू?"

वडिलांचं. निदान पहिल्यांदा तरी.

साठातले दहा हजार आजच बाजूला काढा आणि ब्रेक, टायर, मागचे स्प्रिंगचे पाटे बघून घ्या. रोजच्या भाड्याला गाडी हळू चालवता म्हणून जे चालून जातं, ते चोर्ला घाटाच्या उतारावर, मागे बायकोपोरीचं अंथरूण घेऊन चालून जाणार नाही. आणखी पंधरा हजार कपाटात ठेवून द्या आणि विसरा. ते लागणारच आहेत, कशाला ते आत्ता सांगता येत नाही. उरले पस्तीस. तुम्हाला हवं ते पस्तिसात होतं. मेव्हण्याला हवं ते साठातही होणार नाही.

आता मुख्य गोष्ट, जी तुमच्या पत्रात कुणीच बोललेलं नाही. सोमवारी रताळी कुठं भरणार?

तुमचा हत्ती पोट भरणारा आहे. त्याच्या पाठीवर चेसीला जोडून खोली बांधलीत तर शनिवार-रविवारच्या हौसेसाठी पाच दिवसांचं भाडं गेलं. म्हणजे जे करायचं ते रविवारी रात्री उतरवता आलं पाहिजे. वेल्डिंग नको, खोली नको. एक पेटी करा. हौद्यात ठेवायची, चार कोपऱ्यांना आवळायची, घरी आल्यावर उतरवायची. बाकी सगळे निर्णय या एका गोष्टीतून आपोआप निघतात. वजन, उंची, कायदा, खर्च, सगळं.

कायद्याचं आधी संपवतो. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ : कंपनीनं जी गाडी दिली आणि आरसीवर जी नोंद आहे, तिच्याशी विसंगत होईल असा बदल मालकानं करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. अँगल चेसीला वेल्ड केला की तो बदल झाला. शिवाय चेसीवर जिथं वेल्डिंगचा ताप बसतो तिथंच पुढं भेग जाते, हे कुठलाही जुना बॉडीवाला सांगेल. सुटी पेटी मात्र, माझ्या वाचनाप्रमाणे, माल आहे. कपाट नेलं, डबा नेला, तशी पेटी नेली. खरं ही पेटी हौद्याच्या बाहेर बोटभरही जाता कामा नये. बाजूला, पुढे किंवा मागे माल बाहेर काढला किंवा ठरल्यापेक्षा उंच नेला तर वीस हजारांचा दंड त्याच दुरुस्तीनं आणला आहे. काम सुरू करण्याआधी चित्र काढून आरटीओत दाखवा, लेखी विचारा, आणि अर्ज कन्नडात द्या; उत्तर लवकर येतं असा माझा अनुभव आहे. विमा कंपनीलाही कळवून ठेवा. तुमची गाडी आठ वर्षांच्या पुढची असल्यानं फिटनेस दर वर्षी करावा लागतो, तेव्हाही पेटी उतरवूनच जायचं आहे.

वजनाकडे येऊ. इथं मेव्हण्याची वही उघडून बघू या.

तुमच्या हौद्याची लांबी सात फुटांच्या थोडी वर, रुंदी पावणेपाचच्या थोडी वर असेल. टेप लावून खात्री करा. त्यावर सव्वाचार फूट उंचीची पेटी आणि तळ धरला तर आठ बाय चारच्या साडेपाच शीट लागतात. १९ एमएमची एक शीट पस्तीस-सदतीस किलो भरते, म्हणजे नुसतं प्लाय दोनशे किलो. दीड इंची, पाच एमएम जाडीचा अँगल मीटरला तीन किलो. चाळीस मीटर लागला तर एकशे वीस. घरगुती सिलिंडर भरलेला तीस. इन्व्हर्टरची बॅटरी पन्नास. टाकीतलं पाणी शंभर. झाले पाचशे किलो, अजून गादी, भांडी, माणसं यायची आहेत. तुमची गाडी सातशे ते साडेसातशे ओढते. आरसीवरच्या भरलेल्या वजनातून रिकामं वजन वजा करा, नेमका आकडा मिळेल. मेव्हणा म्हणेल, मग बसतं की! बसतं, खरं कुठं बसतं ते बघा. पाचशे किलो रताळी हौद्याच्या तळाशी पडून असतात. हे पाचशे किलो उभे असतात, त्यातले बरेच तुमच्या डोक्याच्या उंचीला. आंबोलीच्या वळणावर भरलेली गाडी आणि उंच भरलेली गाडी यात काय फरक पडतो ते उसाच्या ट्रॅक्टरमागून गेलेल्या कुणालाही विचारा. आणि जुन्या हत्तीचं इंजिन दोन सिलिंडरचं, सोळा हॉर्सपॉवरचं. तो घाट चढेल, पण पहिल्या गिअरमध्ये, मागे हॉर्न वाजवणारी रांग घेऊन.

आता हलकी पेटी. सांगाडा एक इंची चौकोनी पाइपचा, १६ गेज. मीटरला सव्वा किलो, पस्तीस मीटर धरला तर बेचाळीस-चव्वेचाळीस किलो. बाहेरून ३ एमएमची एसीपी शीट, दुकानांच्या पाट्यांना वापरतात ती. पाच शीट, साधारण साठ किलो. तळाला आणि झोपायच्या फळीला १२ एमएमचं प्लाय, सव्वादोन शीट, पन्नास किलो. स्क्रू, रिबेट, बिजागऱ्या, कड्या आणि आतून मारायचं पातळ प्लाय धरून दोनशेच्या आत-बाहेर. प्लाय घेताना शिक्का बघून आयएस ७१० चंच, म्हणजे मरीन प्लाय घ्या. दुकानदार ३०३ चं दाखवून 'हेपण वॉटरप्रूफच' म्हणेल. ३०३ घरातल्या कपाटाला ठीक, आमच्या जांबोटी-कणकुंबीच्या पावसाला नाही. पाइपची कापाकापी, वेल्डिंग बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या छोट्या शेडवाल्याकडे करून घ्या, आणि एसीपीचे उरलेले तुकडे पाट्या बनवणाऱ्यांकडे विचारा. दार आणि खिडकीपुरते तुकडे मला तिथूनच मिळाले होते, तेही एका चहावर.

उंची सव्वाचार फूटच का? खाली दहा इंचांची जागा सामानाला, वर तीन इंचांची गादी, उरले अडतीस इंच. ताठ बसता येतं. उभं राहता येत नाही, आणि राहायचंही नाही. उभं राहायला बाहेर अख्खा मुलूख पडलाय. झोपायचं लांबीच्या बाजूनं, तिघं शेजारी-शेजारी. चार फुटी बेडपेक्षा ही रुंदी जास्तच आहे.

उतरवायचं कसं? दोनशे किलोची पेटी गणपती उचलायला येतात तेवढी सहा-आठ पोरं सहज उचलतात. दर रविवारी रात्री पोरं गोळा करणं जमणार नसेल तर चार कोपऱ्यांना पाइपचे सुटे पाय करा. बाटलीचा जॅक लावून एकेक कोपरा थोडा-थोडा वर घ्यायचा, पाय अडकवायचे, गाडी खालून पुढं काढायची. पाय एकमेकांना आडव्या पाइपने बांधा आणि तेव्हा मुलीला अंगणात येऊ देऊ नका. बसवताना तळाखाली जुना रबरी पट्टा अंथरा, नाहीतर पत्रा आणि प्लाय रात्रभर कुरकुरतात. कोपऱ्यांना टर्नबकल, म्हणजे फिरवून आवळायचे हुक. पहिल्या वीस किलोमीटरनंतर थांबून ते परत आवळायचे, कारण पहिल्या हादऱ्यानं पेटी बसते आणि ते सैल पडतात.

उष्णतेसाठी आत इंचभर थर्माकोल घालाल, घाला. इथं माझी फजिती सांगतो. मी पहिली पेटी केली तेव्हा सगळ्या भिंतींना थर्माकोल चिकटवायला तो पिवळा, उग्र वासाचा, चपलांना वापरतात तो गोंद आणला. ब्रशनं भरपूर लावला आणि चहाला गेलो. परत येऊन बघतो तर थर्माकोल साबणाच्या फेसासारखा खाली बसलाय, भिंतीला फक्त पिवळी डबकी. तो गोंद थर्माकोल खातो. एका दुपारीत दहा शीट गेल्या आणि बायकोनं काहीच विचारलं नाही, ते जास्त लागलं. साधा पांढरा फेव्हिकॉल वापरा. वाळायला दिवस लागतो, पण शीट राहते. वरून तीन-चार एमएमचं पातळ प्लाय मारून थर्माकोल झाका, उघडा ठेवू नका, कारण पेटला तर काळा धूर करतो. एसीपीच्या पोटातही प्लास्टिकच असतं. म्हणून पुढचं वाक्य नीट वाचा.

आत स्वयंपाक नाही. चहासुद्धा नाही.

गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी, तुमच्या गादीच्या पातळीला साठतो. डिसेंबरच्या थंडीत कुणी शेगडी आत घेऊन झोपलं तर सकाळी उठत नाही, कोळशाच्या धुराला वास आला नाही तरी. घरगुती सिलिंडर तर गाडीत घेऊच नका. पाच किलोचा छोटा घ्या, तोही वेगळ्या कप्प्यात, त्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक ठेवून. आणि ओटा तुमच्याकडे आधीच आहे : फाळका, म्हणजे हौद्याची मागची पडणारी बाजू. फाळका साखळीवर आडवा पाडला की ओटा तयार होतो. पेटीचं मागचं दार वर उघडणारं केलंत तर तेच डोक्यावर छप्पर. पाऊस तिरपा आला तर भाकरी भिजते, एवढंच. गोव्यात मात्र समुद्राकाठी, पर्यटनाच्या जागी उघड्यावर चूल-स्टोव्ह मांडायला २०१९ पासून बंदी आहे, दंड होतो. तिथं जाताना घरून दशम्या आणि चटणी न्या.

हवेला दोन जाळ्या ठेवा, एक खाली, एक वर समोरासमोर. तिघांच्या श्वासानं रात्रीतून भिंती ओल्या होतात. मी बंद पेटीत झोपून पहाटे उठलो तेव्हा छतावरून थेंब पडत होते आणि मी आधी गळती शोधत बसलो. गळती नव्हती, आम्हीच होतो.

खरी गळती नंतर झाली, कणकुंबीला, जुलैमध्ये. सगळे सांधे सिलिकॉननं भरले होते, अगदी दोन-दोनदा. पाणी आलं ते समोरच्या भिंतीच्या वरच्या कडेनं, कारण मी छताची शीट भिंतीच्या आत टेकवली होती. गाडी चालताना पाऊस समोरून मारतो आणि सांध्यात घुसतो; सिलिकॉन दोन महिने धरतं, मग हादऱ्यानं सुटतं. तुमच्या खानापुरात कौलं होतात, तुम्हाला हे शिकवायला नको : वरचं खालच्यावर चढलं पाहिजे. छताची शीट चारही बाजूंनी भिंतीवरून दोन इंच खाली वाकवा. छत सपाट नको, मागे दोन इंच उतार द्या. रिबेटच्या डोक्यावर पाणी साचेल अशी जागाच ठेवू नका. सिलिकॉन लावाच, पण त्याच्यावर भरवसा ठेवून नाही.

वीज सोपी आहे. बारा व्होल्टचा वीस वॅटचा पंखा आठ तास, पाच वॅटचा दिवा चार तास, दोन मोबाइल. दोनशेदहा वॅट-अवरच्या घरात खर्च. बारानं भागलं की साडेसतरा-अठरा एएच, म्हणजे अँपिअर-अवर. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणून चाळीस एएचची छोटी बॅटरी एका रात्रीला पुरते. दीडशेची इन्व्हर्टरची कशाला? पेटीच्या छतावर शंभर वॅटचं पॅनेल टाकलंत तर दिवसात भरून निघते. गाडीच्या स्टार्टरच्या बॅटरीतून पंखा ओढू नका, सकाळी हत्ती उठणार नाही. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, आणि वायर शीटमधून जाते तिथं रबरी वायसर. शीटची कड वायर कापते.

पाण्याची टाकीही नको. वीस लिटरचे दोन कॅन, नळ लावलेले. रिकामे झाले की पेट्रोल पंपावर भरून घ्यायचे.

वहिनींचा मुद्दा शेवटी घेतोय, कमी महत्त्वाचा म्हणून नाही. त्या बरोबर आहेत. पेटीत संडास होणार नाही, तिघांच्या उशाशी तो नकोही. पण मुक्काम कुठं करायचा ते पुरुषांनी नकाशा बघून ठरवायचं आणि बायकांनी आडोसा शोधत फिरायचं, असं असेल तर मीही येणार नाही. मुक्काम वहिनींनी ठरवावा. चांगला उजेड असलेला, रात्रभर चालणारा पंप, सौंदत्तीत भक्तनिवासाजवळची पार्किंग, ओळखीच्या खानावळीचं आवार. आधी त्यांनी जाऊन स्वच्छतागृह बघायचं, पास केलं तर हँडब्रेक ओढायचा. एक बादली आणि घडी घालता येणारा आडोशाचा तंबू अडीअडचणीला जवळ ठेवा. आणि घाटात, भीमगडच्या जंगलाच्या बाजूला, कितीही सुंदर जागा दिसली तरी रात्री थांबायचं नाही. ते अभयारण्य आहे, जनावरांचं घर आहे.

खिडकी. तुमच्या मुलीनं एकटीनं शहाणपणाची मागणी केली आहे. डाव्या बाजूला, गादीपासून आठ इंचांवर, म्हणजे पालथं झोपून हनुवटी टेकवून बाहेर बघता येईल अशी. सरकणारी काच, आतून कडी आणि बाहेरून डासांची जाळी. वेंगुर्ल्याला जाळी नसेल तर खिडकी असून नसल्यासारखी.

आता शेवटची अडचण, आणि ही पैशानं सुटत नाही. छोट्या हत्तीच्या केबिनमध्ये जागा दोघांची. आरसीवर आसनसंख्या बघा. तुम्ही तिघं. तिसरं माणूस चालत्या गाडीत पेटीत बसणार नाही; मुलगी तर अजिबात नाही, 'पाचच मिनिटं' म्हणूनसुद्धा नाही. मालाच्या हौद्यात माणूस बसवणं बेकायदा आहे, ते सोडाच. आवळलेली पेटी ब्रेकला सरकली तर आतलं माणूस पुढच्या भिंतीवर जातं, आणि तुम्हाला केबिनमध्ये हाकही ऐकू येत नाही. लहानपणी आम्ही ताडपत्रीच्या ट्रॉलीतून सौंदत्तीच्या यल्लम्माला गेलो होतो, 'उदं गं आई' म्हणत, हे खरं आहे. त्या ट्रॉल्या उलटल्याच्या बातम्याही आम्हीच वाचल्या.

मग एक तर वहिनी आणि मुलगी बसनं पुढं येतील आणि स्टँडवर भेटतील. वेंगुर्ल्याला आणि सौंदत्तीला ते जमण्यासारखं आहे. किंवा मेव्हण्याला सोबत घ्या. त्याच्याकडे कार आहे, असं तुम्हीच लिहिलंय. बहीण आणि भाची त्याच्या गाडीत, तुम्ही मागून पेटी घेऊन. पेटीत जागा तिघांचीच आहे हे त्याला निघण्याआधी सांगा. तो कारमध्ये झोपेल, आणि सकाळी उठून १९ एमएमचं प्लाय घातलं असतं तर काय झालं असतं ते फाळक्यावरच्या चहाबरोबर सविस्तर सांगेल. ऐकून घ्या. पाय बसवून पेटी उतरवताना जॅकला त्याचाच हात लागणार आहे.